जगदाळेकाकांचं लाल स्टिकर

किंक्रांतीचा दिवस, साडेतीनशे रुपयांचा केक. हजर मंडळी: मी, बायको सुनंदा, आमची मुलगी आणि शेजारचे जगदाळेकाका. मुलीनं मेणबत्ती विझवली, सुरी उचलली, तेवढ्यात काकांनी खिशातून व्हर्निअर काढला आणि केकची उंची दोन्ही कडांना मोजली.

"डावीकडं दोन मिलिमीटर जास्त. होल्ड!" म्हणाले, आणि खोक्यावर लाल स्टिकर चिकटवलं.

केक आम्ही खाल्ला. काकांनीही खाल्ला, दोनदा. "चवीची तक्रार नाय. मापाची हाय."

काका मूळचे देवगाव रंगारीचे. वाळूजच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासण्यात त्यांची अख्खी नोकरी झाली. पास मालाला हिरवं स्टिकर, नापासाला लाल. निवृत्त झाले, तपासणी चालूच राहिली. बजाजनगरच्या आमच्या गल्लीत इस्त्रीवाल्याची घडी, दूधवाल्याचं माप, गणपतीच्या मांडवाचा खांब, कुणी लाल स्टिकरातून सुटलं नाही. हिरवं मात्र कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. "माल चांगला असंल हो, पण पुरावा कुठंय?" हे त्यांचं पालुपद. काकू गेल्या, मुलगा पुण्याला. घरात काका एकटेच.

सुनंदानं घरगुती काळ्या मसाल्याचा धंदा काढला आणि हे प्रकरण आमच्या गळ्यात आलं. चौकातल्या खानावळीचे मालक तिला म्हणाले, "जगदाळेसाहेबांनी पास करू द्या, मग दर आठवड्याला पाच किलो घेतो. त्यांच्या हातून सुटला तर गिऱ्हाईक काय बोलणार?" पहिलीच मोठी मागणी. त्या भरवशावर सुनंदानं मिरच्या, धने, खोबरं भरून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी काकांनी चिमूटभर मसाला पांढऱ्या बशीत पसरला आणि भिंगातून पाहिला. "रंग उतरलाय. दुरुस्त करून उद्या आणा." मग चहा पाजला, मुलाच्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या. दुसऱ्या दिवशी दळण जाडं निघालं. पुन्हा चहा. तिसऱ्या दिवशी वास कमी पडला. आता चहाबरोबर खारीही होती.

चौथ्या दिवशी सुनंदा भडकली आणि मलाही बरोबर घेऊन गेली. पहिल्या दिवशीचाच पुडा तिनं नवा दोरा बांधून पुढं ठेवला. काकांनी भिंग लावलं.

"व्हय, लई फरक पडलाय! मीठ तेवढं कमी करा."

"काका, हा पहिलाच पुडा आहे. आणि मसाल्यात मी मीठ घालतच नाही."

काकांनी भिंग पुसून खिशात ठेवलं.

"मसाला पहिल्याच दिवशी पास होता, ताई."

"मग रोज नापास का केला?" मी विचारलं.

"कंपनीत कसं असतंय, कुलकर्णी, पास झाला की माल आत जातो. त्याचा माणूस परत तोंड दाखवत नाय. नापासवाला येतो. बसतो, चहा घेतो, दोन शब्द बोलतो." त्यांनी कपबशा गोळा केल्या. "तुमचं नुकसान व्हायलंय, हे ध्यानात यायला पायजे होतं मला."

ते आत गेले आणि हिरव्या स्टिकरांचा गठ्ठा घेऊन आले. वरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. त्यातलं पहिलं आमच्या पुड्यावर लागलं. त्याच संध्याकाळी मसाला खानावळीत पोचला.

सुनंदाला धंदा माझ्यापेक्षा चांगला कळतो. ती काकांना म्हणाली, "एकदा पास होऊन भागतं होय? प्रत्येक दळण तपासायला हवं. दर शनिवारी घेऊन येणार मी. तपासणीचे पन्नास रुपये. फुकट काम नको."

"व्हय, फुकटची तपासणी कच्चीच असती," काका म्हणाले.

पहिल्या शनिवारी दळण एका फटक्यात पास झालं. सुनंदानं पन्नासची नोट पुढं केली. काकांनी ती उजेडात धरली, कडांवरून बोट फिरवलं आणि तिच्यावर लाल स्टिकर चिकटवलं.

"कोपरा दुमडलाय. उद्या बदलून आणा."

रविवारच्या नोटेवर पेनाची रेघ निघाली. सोमवारी मी मुद्दाम कोरी नोट नेली, तर ती त्यांना जास्तच करकरीत वाटली. शेवटी बुधवारी, खारीचा पुडा संपल्यावर, पन्नास रुपये जगदाळेकाकांना पोचले.