इत्झेलची कानपिळी

रुसलेलं मूल हसवावं तर वल्लरीनेच! हे मत खुद्द वल्लरीचंच होतं, पण ती ते इतक्या ठणकावून सांगायची की परदेशातल्या प्लेनो गावच्या त्यांच्या गल्लीत कुणी वाद घालायला धजत नसे. माहेरी लग्न असो, मुंज असो, कोपऱ्यात फुगून बसलेलं पोर उचलून पंगतीत आणून बसवायचं खातं तिच्याकडे.

"मूल रुसतं ते मान मिळत नाही म्हणून," ती नवऱ्याला, अवधूतला, ऐकवायची. "त्याला मान द्यायचा, की संपला कार्यक्रम!"

पुढे एक कार्यक्रम खरंच संपायची वेळ आली. फक्त तो शेजाऱ्यांचा होता.

शेजारी म्हणजे ग्रासिएला आणि एफ्राइन, मूळचे मेक्सिकोचे. त्यांच्या थोरल्या येसेनियाला पंधरा वर्षं पुरी होत होती, आणि त्यांच्यात मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला 'किन्सेआन्येरा' करतात. म्हणजे नवरदेव सोडला तर अख्खं लग्नच! चर्च, हॉल, मुकुट, चार मजली केक, नाचायला चौदा मुली नि चौदा मुलगे. येसेनियाचा हात धरायला मानाचा जोडीदार वेगळा, त्याचं नाव रोड्रिगो. आणि गुलाबी झगा एवढा अवाढव्य, की तो गॅरेजमध्ये सावलीत आणि एफ्राइनचा ट्रक बाहेर उन्हात!

या धामधुमीत धाकटी इत्झेल कुणाच्या खिजगणतीतच नव्हती. वय वर्षं नऊ. फुलं उधळणाऱ्या चिमुरड्यांत घालायला मोठी आणि चौदाजणींत घालायला लहान. मग ती दुपारी वल्लरीकडे येऊन बसायची. वल्लरीच्या कडेवर सहा महिन्यांचा नकुल, पायाशी ठोकळे रचणारी चार वर्षांची आन्या आणि समोर इत्झेल, गाल पुरीसारखे टम्म.

"मिस व्हॅलरी, आज ममाने मला येसेनिया म्हणून हाक मारली. मग बघितलं आणि म्हणाली, ओह, तू होय!"

"अगं बाई!"

"आणि फोटोग्राफर म्हणाला, जरा बाजूला होतेस का? फ्रेममध्ये येतेयस."

 वल्लरी स्वतः तिघी बहिणींत धाकटी. थोरल्या ताईच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिचा एकच फोटो आहे. त्यातही अर्धी ती आणि अर्धी समई.

"इकडे ये. आमच्याकडे ना, धाकट्यांचा एक हक्क असतो. कानपिळी! नवरीचा भाऊ भर मांडवात जातो आणि नवरदेवाचा कान पिळतो."

इत्झेल ताठ बसली. "जोरात?"

"मग? आणि नवरदेव काहीतरी द्यायचं कबूल करेपर्यंत सोडायचाच नाही!"

"कुणी रागवत नाही?"

"छे! मान असतो तो. सगळे टाळ्या वाजवतात."

"आणि भाऊच नसेल तर?"

"तर बहीण! त्यात काय एवढं!"

बोलण्याच्या भरात वल्लरीने नवरदेवाचे जोडे पळवायची गंमतही सांगून टाकली. इत्झेल खदाखदा हसली, तूप-साखर लावून दोन पोळ्या खाल्ल्या आणि उड्या मारत घरी गेली.

"बघितलंस?" वल्लरी विजयी मुद्रेने म्हणाली.

अवधूतने लॅपटॉपमधून डोकं न काढता विचारलं, "ही त्यांच्यातली पद्धत नाही, हे सांगितलंस ना तिला?"

"नऊ वर्षांची आहे रे ती. कळतं तिला!"

समारंभाच्या दिवशी वल्लरी पैठणी नेसून, नकुलला मांडीवर घेऊन अगदी पुढच्या टेबलाशी, शेजारी अवधूत. येसेनिया आली ती साध्या सपाट बुटांत. नंतर तिचे बाबा सगळ्यांसमोर गुडघे टेकून तिच्या पायांत उंच टाचांचे बूट घालणार होते. मुलगी मोठी झाल्याची ती खूण. पण त्याआधी रोड्रिगोबरोबर पहिला नाच. दिवे मंद झाले. व्हायोलिन सुरू झालं. आणि इत्झेल उठली.

बाथरूमला चालली असेल, वल्लरीला वाटलं.

रोड्रिगो अदबीने येसेनियापुढे वाकला. त्याचा कान नेमका इत्झेलच्या उंचीला आला!

"आय! आय! आय!"

या आरोळीला भाषांतराची गरज नव्हती. रोड्रिगो मागे सरला तो झग्यावर. येसेनिया फतकल मारून बसली आणि झगा तिच्याभोवती पॅराशूटसारखा फुगला. त्याला अडखळून चौदातल्या निम्म्याजणी पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. डीजेला वाटलं हा नाचाचाच भाग, त्याने आवाज वाढवला!

"सोड मला!"

"आधी कबूल कर!"

"काय कबूल करू?"

"काहीतरी!"

"इत्झेल!" एफ्राइन गरजला. "कुणी शिकवलं हे?"

इत्झेलचा एक हात कानावर होता, दुसरा मोकळा होता. तो सरळ पुढच्या टेबलाकडे गेला. "मिस व्हॅलरी!"

अख्ख्या हॉलच्या माना वळल्या. वल्लरीने नकुलला ढालीसारखं तोंडासमोर धरलं आणि त्याच्या आडून ओरडली, "रोड्रिगो, बाळा, हो म्हण! नुसतं हो म्हण!"

"येस! ओके! एनीथिंग!"

कान सुटला. आता काय मागायचं, याचा मात्र इत्झेलने विचारच केला नव्हता. टाळ्याही कुणी वाजवत नव्हतं. तिने येसेनियाकडे बघितलं.

"मला पण नाचायचंय," ती म्हणाली. "येसेनियाबरोबर. एकदाच."

येसेनिया झग्याच्या ढिगाऱ्यातूनच म्हणाली, "मग मला सांगायचंस ना, वेडे."

"तू भेटतेस कुठे?"

येसेनियाने हात पुढे केला. इत्झेलने तिला ओढून उभं केलं आणि दोघी नाचायला लागल्या. इत्झेल कमरेपर्यंत गुलाबी झालरीत बुडालेली, वर नुसतं हसणारं तोंड! मग मात्र टाळ्या पडल्या. रोड्रिगोने एक हात कानावर ठेवून दुसऱ्याने टेबल बडवलं.

ग्रासिएला वल्लरीकडे आली. वल्लरीने माफी ओठांवर तयार ठेवली होती, पण ग्रासिएलाने गळ्यालाच मिठी मारली. "माझ्याच घरातलं पोर, व्हॅलरी, आणि मला दिसलंच नाही!"

"होतं गं असं," वल्लरीला एकदम कंठ फुटला. "आई गडबडीत असते. मूल मान मागत असतं, आपण फक्त डोळे उघडे ठेवायचे..."

तेवढ्यात डीजेने पुकारा केला. एफ्राइनने गुडघे टेकले. मखमली उशी आली. उशीवर बूट नव्हते!

अख्ख्या हॉलच्या माना पुन्हा वल्लरीकडे.

"मी काही नाही केलं! शप्पथ!"

"मी पण नाही!" इत्झेल ओरडली.

अवधूत हळूच म्हणाला, "वल्ली, आन्या कुठंय?"

 तासाभरात वल्लरीने आन्याकडे बघितलंच नव्हतं. तिने टेबलक्लॉथ उचललं. खाली आन्या बसली होती, गालाला केक, पायांत चंदेरी उंच टाचा.

"आन्या! दे ते इकडे!"

"नो. आधी कबूल कर."

"काय हवंय? केक? बाहुली?"

आन्याने नकुलकडे बोट केलं. "बेबी बाबाला दे. आणि मला उचल."

 वल्लरीने नकुल अवधूतकडे दिला, आन्याला उचललं आणि गच्च धरलं. पैठणीच्या निऱ्या सुटत होत्या, मांडीवर चंदेरी टाचा आपटत होत्या. तशीच ती एफ्राइनपर्यंत गेली आणि बूट त्याच्या हातात दिले.

"मॅम," फोटोग्राफर जवळ येऊन अदबीने वाकला, "जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

वल्लरी मुकाट्याने सरकणारच होती. पण कडेवर असल्यामुळे आन्याचा हात आता फोटोग्राफरच्या कानापर्यंत सहज पोचत होता!