चाळिसावा विद्यार्थी

"शाळा वाचवायची ना? मग ती माझ्यावर सोडा!" चित्रकलेच्या मास्तरांनी शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर अशी मूठ आपटली, की गणिताच्या बाईंच्या कपातला चहा उडून बशीत आला.

"तुमच्यावर?" बाईंनी बशी पुसत विचारलं. "मास्तर, चाचणी गणिताची आणि भाषेची आहे. चित्रकलेचा एकही प्रश्न नाही त्यात."

"प्रश्न नसू द्या हो! उत्तरं कशी द्यायची आहेत? गोल काळे करून! आणि गोल रंगवणं हे कुणाचं खातं? माझं!"

मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, त्यांनी सुस्कारा टाकला आणि चाचणीची सगळी व्यवस्था मास्तरांकडे दिली. बाकीच्यांना शिकवायचं होतं, एवढंच त्यामागचं कारण.

प्रकरण असं होतं. ही शाळा सरकारी. फी नाही, प्रवेशाला परीक्षा नाही, दारात येईल त्या मुलाला बाकावर जागा. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग एका बड्या कंपनीच्या मनात मुलांविषयी एकाएकी माया दाटून आली. तिनं वर पत्र धाडलं, की सातवीची चाचणी घ्या, सरासरी सत्तरच्या खाली गेली तर शाळा आम्हाला द्या, आम्ही सुधारून दाखवतो. आणि वरच्यांनी चक्क होकार दिला! चाचणी कंपनीची, प्रश्न कंपनीचे, उत्तरं तपासायचं यंत्रही कंपनीचंच. स्वयंवर त्यांचं आणि नवराही त्यांचाच!

कंपनीच्या सुधारणांची यादी आधीच छापून आली होती. पहिली सुधारणा, चित्रकला बंद. ती वाचून मास्तरांनी कपाटातले रंग दोनदा मोजून ठेवले. पण दुसरी त्याहून वाईट होती. प्रत्येक मुलाची प्रवेशचाचणी, आणि जे कमी पडतील त्यांना नारळ! मास्तरांची नात पहिलीत होती. ती अजून एकेक अक्षर लावत वाचायची, आणि प्रश्न विचारला की आधी मिनिटभर खिडकीबाहेर बघायची. उत्तर बरोबर द्यायची, पण खिडकी झाल्यावर. कंपनीच्या शाळेत एवढा धीर कोण धरणार? आणि पायी जाता येईल अशी दुसरी शाळा नव्हती. मास्तरांची झोप उडाली होती ती या नातीपायी.

तर मास्तर कामाला लागले. कंपनीकडून सरावासाठी कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठाच्या गठ्ठा आला होता. एका पानावर पन्नास प्रश्न, प्रत्येकापुढे चार गोल, आणि मुलाच्या नावाला जागाच नाही. सातवीच्या चाळीस मुलांना त्यांनी पेन्सिल कशी धरायची इथपासून शिकवलं. तेवढ्यात पहिलीच्या पोरांनी हट्ट धरला. "आम्हालापण गोल! आम्हालापण गोल!" मास्तरांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी पहिलीच्या एकोणचाळीस मुलांना एकेक पान दिलं आणि सांगितलं, "सगळे गोल काळे करायचे. एकही सोडायचा नाही. रेषेबाहेर गेलात तर बघा!"

पोरांनी आठवडाभर खपून दोनशेच्या दोनशे गोल असे रंगवले, की मास्तरांचा ऊर भरून आला.

चाचणीच्या सकाळी मास्तर तो पहिलीचा गठ्ठा घेऊन सातवीच्या वर्गात गेले. "हे बघा! सहा वर्षांची मुलं! रेषेबाहेर एक ठिपका नाही! लाज वाटू द्या जरा!" सातवीला पुरेशी लाज वाटल्यावर त्यांनी प्रश्नपत्रिका वाटल्या आणि खुर्चीत बसले.

दोन तास नुसतं बसायचं म्हणजे शिक्षाच. एक प्रश्नपत्रिका उरली होती. मास्तरांनी ती सहज उघडली. 'एका टाकीला दोन नळ आहेत...' अरे, हे तर सोपं आहे! त्यांनी सरावाचं एक कोरं पान ओढलं आणि पेपर सोडवायला घेतला. प्रामाणिकपणे बरं का, कुणाच्या पानात न डोकावता. पाचव्या प्रश्नाला घाम आला, बाराव्याला चष्मा दोनदा पुसून झाला, पण पन्नासही प्रश्न त्यांनी हिमतीनं संपवले. नव्वदच्या खाली नसणार, अशी त्यांची मनोमन खात्री होती. घंटा झाली तेव्हा कुणी बघू नये म्हणून त्यांनी आपलं पान पहिलीच्या गठ्ठ्यावर ठेवून दिलं.

आता इथे मास्तरांच्या एका सवयीविषयी सांगायला हवं. एका बाजूनं लिहिलेला कागद दिसला की मास्तर तो उलटा करून ठेवतात. कोरी बाजू वर! तीस वर्षं या शाळेतल्या मुलांनी चित्रं काढली ती अशाच पाठकोऱ्या कागदांवर. जुन्या नोटिसा, रद्द झालेले अर्ज, गेल्या सालचं वेळापत्रक, मास्तरांच्या हातून काही सुटत नाही. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी तिची पाठ तपासतात, मग लग्न कुणाचं ते बघतात.

तर सातवीच्या उत्तरपत्रिका गोळा करता करता मास्तरांच्या हातांनी त्या आपोआप उलट्या केल्या. शेजारी पहिलीचा गठ्ठा, तोही उलटा. टेबलावर दोन गठ्ठे, दोन्ही पांढरेशुभ्र. दारात कंपनीचा माणूस घड्याळ बघत उभा.

"मोजून द्या हं, चाळीस पाहिजेत."

मास्तरांनी एक गठ्ठा उचलून मोजला. एकोणचाळीस आणि त्यांचा स्वतःचा एक, मोजून चाळीस! लिफाफ्यात घातला, लाख लावली, सही केली. माणूस गेला. दुसरा गठ्ठा घेऊन मास्तर शीळ घालत पहिलीच्या तासाला गेले आणि पोरांना म्हणाले, "चला, आज मागच्या बाजूला चित्र काढायचं! काय वाटेल ते!"

संध्याकाळी घरी नात धावत आली. "आजोबा, मी दोन चित्रं काढली! एक कागद उरला होता. एक भिंतीवर लावलं, एक तुम्हाला आणलं!"

चित्रात एक मांजर होती आणि ती खिडकीबाहेर बघत होती. मास्तरांनी कौतुकानं कागद उलटा केला. पलीकडे प्रत्येक ओळीत एकच गोल काळा, आणि वर कोपऱ्यात लिहिलेलं: इयत्ता सातवी.

मास्तर मटकन खाली बसले.

"काय हो, काय झालं?" बायको आतून आली.

"शाळा गेली!" मास्तर म्हणाले. "मी घालवली! सातवीची उत्तरं भिंतीवर लागलीत आणि पहिलीचे गोल कंपनीला गेले! भोपळा येणार भोपळा!"

"मग उद्या सकाळी जाऊन सांगून टाका," बायको म्हणाली. "आणि तोवर जरा पाणी प्या. पोरगी घाबरली बघा."

नात घाबरली नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती. मिनिटभरानं वळून म्हणाली, "आजोबा, मांजर आवडली नाही का?"

दुसऱ्या दिवशी मास्तर कबुलीची वाक्यं घोकत शाळेत शिरले, तर मोठ्या बाई, ज्यांना आजवर कुणी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, त्या व्हरांड्यातून पळत येत होत्या!

"मास्तर! निकाल लागला! एकोणचाळीस मुलांना शंभरपैकी शंभर!"

"क्काय?"

"शंभर! सरासरी अठ्ठ्याण्णव! अकरा वाजता कंपनीचे साहेब येतायत, शिक्षणाधिकारी बाई येतायत, पालकांना निरोप गेलेत!"

"मोठ्या बाई, मला एक सांगायचं होतं..."

"नंतर! आधी खुर्च्या लावा!"

खुर्च्या लावल्यावर मास्तर पुन्हा म्हणाले, "बाई, ते निकालाचं जरा..." तर मोठ्या बाईंनी त्यांच्या हातात फुलदाणी दिली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा दारात गाडी थांबली होती. मास्तर फुलदाणी छातीशी धरून कोपऱ्यात उभे राहिले. एक मन म्हणत होतं, गप्प बस ना लेका! शाळा वाचली, चित्रकला वाचली, पोरगी वाचली! पण दुसरं मन मास्तराचं होतं, आणि ते कॉपी पकडायला तीस वर्षं सरावलेलं होतं.

साहेब टाय सावरत उभे राहिले. शेजारी त्यांचं यंत्र, खास प्रात्यक्षिकासाठी आणलेलं. "पालकहो! हे यश कुणाचं? आमच्या सराव उत्तरपत्रिकांचं! एका आठवड्यात ही जादू, तर वर्षभरात काय होईल? म्हणून ही शाळा आदर्श शाळा म्हणून आम्ही आजच ताब्यात घ्यायला तयार आहोत!"

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. "पण... पण सत्तरच्या खाली आलो तर घेणार होतात ना?"

"खाली आलात तर सुधारायला. वर आलात तर जपायला!" साहेब गोड हसले. "फक्त एक डाग आहे. हा चाळिसावा विद्यार्थी. चोवीस गुण! यंत्र म्हणतं, आकलन कमी. लक्ष एकाग्र होत नाही. पुढे शिकवून उपयोग होईल असं वाटत नाही. घाबरू नका, अशी मुलं आमच्या शाळेत राहणार नाहीत."

मग एक पाववाला उठला. "तो माझाच असणार! घरी पण त्याचं लक्ष नसतं." लगेच एक बस चालवणारी बाई उठली. "नाही हो, माझी आहे ती! पण राहणार नाही म्हणजे? मी कधी कुणाला मध्येच बसमधून उतरवलं नाही, आणि तुम्ही माझ्या पोरीला शाळेतून उतरवणार?" बघता बघता चाळीसच्या चाळीस घरं उभी राहिली. जो तो त्या चोविसाला आपलं म्हणून पोटाशी धरत होता! खिडकीच्या गजांपलीकडे पहिलीची पोरं गर्दी करून बघत होती, आणि त्यात नातही होती.

तिला पाहिलं आणि मास्तरांना राहवलं नाही.

"थांबा!" ते ओरडले. फुलदाणी हातातच होती. "तो चाळिसावा मुलगा मी आहे!"

सगळ्या माना वळल्या.

"चोवीस गुण माझे! आणि ते शंभरवाले पहिलीचे आहेत! त्यांनी एकही प्रश्न वाचलेला नाही, त्यांना वाचता येतच नाही अजून! सातवीची खरी उत्तरं पहिलीच्या भिंतीवर आहेत, मांजरांच्या आणि सूर्यांच्या पाठीमागे!"

साहेब फटकन म्हणाले, "अशक्य! यंत्र चुकत नाही!"

शिक्षणाधिकारी बाई उठल्या. त्यांनी एक कोरी उत्तरपत्रिका मागवली, पर्समधून पेन्सिल काढली आणि शांतपणे सगळे गोल काळे करू लागल्या. दोनशे गोल! मग त्यांनी ते पान यंत्रात सरकवलं. यंत्र घुरघुरलं आणि पडद्यावर झळकलं: शंभर! अलौकिक बुद्धिमत्ता! अभिनंदन!

कंपनीचा तंत्रज्ञ हळूच पुटपुटला, "ते फक्त बरोबर गोल काळा आहे का, तेवढंच बघतं. बाकीचे बघत नाही. मी तेव्हाच म्हणालो होतो साहेबांना."

हसण्याचा असा स्फोट झाला, की पलीकडच्या वर्गातली मुलं बाहेर आली. साहेबांनी टाय इतका सावरला, की गळा आवळला गेला.

"खऱ्या उत्तरांचं काय?" अधिकारी बाईंनी विचारलं. चित्रं भिंतीवरून उतरली, मास्तरांनी पिशवीतून मांजर काढून दिली, सातवीच्या मुलांनी आपापलं पान ओळखून दिलं, आणि गणिताच्या बाईंनी लाल पेन घेऊन तिथेच तपासायला बसून दुपारपर्यंत चाळीस पेपर संपवले. सरासरी आली सहासष्ट. सत्तरच्या खाली! मोठ्या बाईंनी डोळे मिटले.

"सहासष्टच," गणिताच्या बाई उभ्या राहिल्या, "पण बाई, मला विचारा ना! या मुलाचा अपूर्णांक कच्चा आहे, कारण तो दोन महिने आजारी होता. हिला गणित येतं, पण प्रश्न लांबलचक असला की ती घाबरते. या आठ जणांना नळ-टाकी कळलेलं नाही, ती चूक माझी, मी घाई केली. पुढच्या महिन्यात येईल त्यांना. हे या यंत्राला विचारा बरं, सांगतंय का!"

अधिकारी बाईंनी साहेबांकडे पाहिलं. "हा सत्तरचा आकडा ठरवला कुणी?"

"यंत्रानं," साहेब म्हणाले.

आठवड्याभरात वरून पत्र आलं. चाचणी रद्द, करार रद्द, शाळा आहे तिथेच, आहे तशीच. मोठ्या बाईंनी ते सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पत्राची पाठ कोरी आहे का ते बघितलं, आणि मोठ्या बाईंनी ते चटकन कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"आता तुमचं बघू, मास्तर," त्या म्हणाल्या. "चोवीस गुण! या शाळेतून आपण कुणाला काढत नाही. पण शिकवल्याशिवाय सोडतही नाही!"

तेव्हापासून मास्तर रोज सातवीच्या गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसतात. नात येता-जाता विचारते, "आजोबा, आज आलं का?" आणि मास्तर आधी मिनिटभर खिडकीबाहेर बघतात.

काल तर बाईंनी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं. टाकी किती वेळात भरेल ते काढायला सांगितलं होतं, आणि यांनी टाकीच काढली होती. दोन नळांसकट, सावलीबिवली देऊन. टाकी मात्र हुबेहूब होती, असं बाईसुद्धा म्हणाल्या.