अप्पांची सुई
आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत वझे अप्पांकडे जाताना चपला आत नेल्या तर एकवेळ चालतं, किल्ल्या मात्र बाहेर ठेवाव्या लागतात. दारावर तशी पाटीच आहे : ‘लोखंड बाहेर ठेवून आत यावे. सुई हलते.’ ही सुई टेबलावरच्या पितळी होकायंत्रातली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवण्यात अप्पांची सरकारी नोकरी गेली. अप्पा निवृत्त झाले, सुई अजून कामावर आहे.

“सूर्य बिघडलाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाल्यालासुद्धा तेच. मी एकदा म्हटलं, “बिघडेना का! पुण्यात फार तर ऊन लागेल.”

“पुण्याचं विचारलंय कुणी? अहो, सूर्यावर स्फोट झाला की दोनेक दिवसांत त्याचा मारा इथवर येतो. आपल्याला पृथ्वीचं चुंबकत्व सांभाळून घेतं. ध्रुवांकडे मात्र त्याला आत शिरायला वाट मिळते. तिथे सुई भरकटते, विमानाचा रेडिओ मुका होतो.”

विमानाशी त्यांचं नातं मेधामुळे. अप्पांची ही एकुलती एक लेक अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तिचं विमान हल्ली उत्तर ध्रुवावरून जातं. पोचल्यावर तिनं फोनच्या दोन रिंग देऊन ठेवायचं, अप्पांनी उचलायचा नाही, असा घरचा नियम. दोन म्हणजे सुखरूप. तिसरी वाजली तर काहीतरी बिघडलं.

यंदा सुट्टी संपवून ती परत निघाली, आणि अप्पांनी सायबर कॅफेत सूर्यावरच्या स्फोटाची बातमी वाचली. विमान आपल्या वेळेप्रमाणे दुपारी बाराला उतरायचं होतं. चार वाजले तरी फोन नाही. अप्पांनी भिंतीवर ठोकून मला शेजारून बोलावलं. मी धावतच टेबलापाशी गेलो, तर सुई गर्रकन वळली.

अप्पा पांढरेफटक पडले. “इथे एवढी, तर तिकडे काय झालं असेल हो?”

“अप्पा, माझ्या खिशात किल्ल्या आहेत!”

ते ओरडले नाहीत. पाटीकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. मीच किल्ल्या दाराबाहेर ठेवून आलो.

तेवढ्यात फोन वाजला. एक. दोन. अप्पांनी डोळे मिटले. तिसरी वाजली.

“उचलू नका,” ते पुटपुटले. चौथ्या रिंगला मी उचलला.

“काका? मी मेधा. अप्पांना द्या ना. वाटेत रेडिओ बंद पडत होता, म्हणून विमान दुसरीकडून वळवलं, मध्येच उतरवलं. कुणी धड काही सांगेना. आत्ता पोचले. खूप घाबरले होते हो. त्यांचा आवाज ऐकायचाय.”

“पोचली, अप्पा. सुखरूप आहे,” म्हणत मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. पोचल्यावरचा तिचा आवाज त्यांनी इतक्या वर्षांत कधी ऐकलाच नव्हता.

“सुई ठीक आहे गं,” अप्पा कसेबसे म्हणाले. मग त्यांनी रिसीव्हर स्वतःच्या हातात घेतला. शेवटी म्हणाले, “हे बघ, पुढच्या वेळी तीन रिंग दे. तिसरीला मी उचलतो.”