वाऱ्याचा रहिवासी दाखला

वीज उपकेंद्रातल्या कोळशाच्या जागेसाठी वाऱ्याने अर्ज केला तेव्हा त्याच्याकडे सगळी कागदपत्रं होती, फक्त रहिवासी दाखला नव्हता.

कोळसा एकतीस मेला वयोमानाने निवृत्त झाला होता. कासारटेकच्या लोकांनी त्याला शाल आणि नारळ दिला, दोघांनी त्याच्या चिकाटीवर भाषणं केली, आणि त्याच्यामुळे लागलेल्या खोकल्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून पठारावरच्या सात गावांना शेजारच्या तालुक्यातून रोज दोन तास वीज मिळू लागली. तानूबाईंची पिठाची गिरणी बंद पडली आणि लोक जात्यावर दळण दळू लागले.

जाहिरातीत अट होती की उमेदवार स्थानिक असावा आणि पठारावर त्याचं पंधरा वर्षं सलग वास्तव्य असावं. या अटीत बरेच जण गळाले. सूर्य रोज संध्याकाळी तालुक्याची हद्द सोडून जात होता आणि रात्री आपण कुठे असतो हे त्याला कागदावर दाखवता आलं नाही. उसाच्या चिपाडाला गळीत हंगामाशिवाय सवड नव्हती. अणूचा अर्ज लांबून टपालाने आला होता. गुणवत्तेत तो सगळ्यांच्या वर होता, पण त्याची चारित्र्य पडताळणी पोलीस ठाण्यात अडकली होती. उरला वारा.

मंगळवारी तो तलाठी कार्यालयाच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या मागचे लोक टोप्या धरून उभे होते. त्याच्या पुढे यमाई होती, म्हाकू कोळेकर मेंढपाळाची सोळा वर्षांची मुलगी. तिलाही रहिवासी दाखलाच हवा होता. तो मिळाला तर तालुक्याच्या आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या वर्गात प्रवेश मिळणार होता. गेल्या वर्षी दाखला मिळाला नव्हता आणि थोडे महिने इथल्या, थोडे खालच्या शाळेत बसून दहावीला शहाऐंशी टक्के मिळवलेली यमाई दिवाळीनंतर पुन्हा मेंढरांच्या मागे कोकणात उतरली होती. यंदाही नाही मिळाला तर तिचे वडील, आबा, तिला शिकण्याबद्दल पुन्हा विचारणार नव्हते. एकोणीस मेंढ्या तिच्या नावाच्या करून ठेवल्याच होत्या.

शेवडे भाऊसाहेब बावीस वर्षं तलाठी होते आणि त्यांनी दिलेला एकही दाखला तहसिलातून परत आलेला नव्हता. त्यांनी यमाईचा अर्ज वाचला आणि गेल्या वर्षीचंच उत्तर दिलं. दिवाळीनंतर तुम्ही मेंढरं घेऊन खाली जाता, ज्येष्ठात वर येता, वर्षातले आठ महिने बाहेर असता, मग सलग वास्तव्य म्हणायचं कशाला? यमाईने मान हलवली. तिला हे पाठ होतं.

मग त्यांनी वाऱ्याचा अर्ज घेतला, कागदावर दगड ठेवला आणि त्यालाही शब्दाशब्दाने तेच सांगितलं. फक्त मेंढरांचा उल्लेख गाळला. वाऱ्याने वाद घातला नाही. त्याने अर्जाची नीट घडी केली आणि तो बाहेर पायरीवर यमाईच्या शेजारी येऊन बसला.

"आबांचा गुडघा कसा आहे?" त्याने विचारलं.

"चढाला दुखतोय," यमाई म्हणाली.

मग दोघं आपापल्या वाटेने गेले.

गावाला मात्र गप्प बसणं परवडणारं नव्हतं. शनिवारी दुपारपर्यंत दाखला पोचला नाही तर जागा वर्षभर रिकामीच राहणार, असं वीज कार्यालयातून कळलं. सरपंच सुलभाआक्कांनी भाऊसाहेबांना गाठून पंचनामा करायला सांगितलं. पाच पंचांनी लिहून दिलं तर आपली हरकत नाही, असं भाऊसाहेब म्हणाले. ते नियमाबाहेर काही करत नसत, आणि नियमात बसणारं काही अडवतही नसत.

शुक्रवारी शाळेच्या व्हरांड्यात पंच जमले. वारा पटांगणाच्या कडेला उभा राहिला, म्हणजे कागद उडायला नकोत. सुतार म्हणाले की गावातल्या एकाही घराला पश्चिमेला दार नाही. खापरपणज्याने हे कोणासाठी केलं असेल ते भाऊसाहेबांनीच सांगावं. गुरव म्हणाला की मारुतीचं निशाण आषाढ ते भाद्रपद तीनदा बदलावं लागतं. तानूबाईंनी सांगितलं की गावातलं माणूस वाऱ्यातही ऐकू जावं म्हणून मोठ्यानेच बोलतं. त्यांचा जावई पहिल्यांदा आला तेव्हा सासरी भांडण पेटलंय समजून उंबऱ्यातूनच परत फिरला होता. चौथे पंच माध्यमिकचे गुरुजी होते. त्यांनी पठारावरची एकशे बारा झाडं मोजली होती आणि सगळी पूर्वेला झुकलेली होती.

भाऊसाहेबांनी सगळं लिहून घेतलं. "चार महिन्यांचं झालं," ते म्हणाले. "उरलेल्या आठ महिन्यांत अर्जदार कुठं असतो?"

"ते कोळेकरांना विचारा," तानूबाई म्हणाल्या. "त्यांच्यासंगंच तर जातंय ते."

आबा मेंढरांमागे लांबच्या उताराला होते, म्हणून यमाईला बोलावलं. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात सांगू लागली, इतकी हळू की दोनदा तिला मोठ्याने बोलायला सांगावं लागलं. वारा कार्तिकात पातळ होतो. घाट उतरताना तो मेंढरांच्या पुढे असतो, मागे नसतो. खाली भाताच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवली की दुपारी तो समुद्राकडून येतो, पहाटे डोंगराकडे बघत बसतो. चैत्र संपला की त्याला तिथे करमत नाही. मेंढरांच्या आधी त्याला कळतं की परत जायची वेळ झाली. भाऊसाहेबांची लेखणी थांबली नाही. शेवटी त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि पाचव्या जागेवर बोट ठेवलं.

यमाईने पेन घेतलं. मग तिने मजकूर वरपासून वाचायला सुरुवात केली. कासारटेकमध्ये पंचनामा वाचून सही करायची पद्धत नव्हती, त्यामुळे सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिने पेन खाली ठेवलं.

"मला सही नाही करता येणार."

"दहावी झालीस ना गं?" सुलभाआक्का म्हणाल्या.

"सही येती, आक्का. पण वर लिहिलंय, खाली सही करणारे पंच, राहणार मौजे कासारटेक. मी इथली नाही. भाऊसाहेबांनीच मंगळवारी सांगितलंय."

भाऊसाहेबांनी कागद आपल्याकडे वळवला आणि ती ओळ वाचली. ती छापील होती. खोडून टाका की, असं सुलभाआक्का म्हणाल्या, त्यावर त्यांनी नुसतं बघितलं.

"मी सांगतो तिच्याबद्दल," वारा पटांगणातून म्हणाला. "खाली आठ महिने कोणीही गाव विचारलं तरी हे लोक कासारटेकच सांगतात. मी कायम ऐकतो."

"तुम्ही स्थानिक नाही," भाऊसाहेब म्हणाले. "तिच्या साक्षीशिवाय तुम्ही इथले ठरत नाही, आणि तुमच्या साक्षीशिवाय ती ठरत नाही."

"मग दोघंही इथलेच म्हणायचे," गुरुजी म्हणाले, "नाहीतर दोघंही नाहीत."

भाऊसाहेबांनी चहा मागवला. तो त्यांनी पूर्ण प्यायला आणि बशी पालथी घातली.

"गेल्या पंधरा वर्षांत," त्यांनी वाऱ्याला विचारलं, "एखाद्या ज्येष्ठात आला नाहीत, असं झालं?"

"नाही."

"तुम्ही लोक?"

"नाही," यमाई म्हणाली. या वेळी तिला मोठ्याने बोलायला सांगावं लागलं नाही. "माझी आज्जी वाटेत गेली त्या साली पण नाही. तिला घेऊन वर आलो."

भाऊसाहेबांनी दोन कोरे दाखले काढले. वास्तव्याच्या रकान्यात त्यांनी दोन्हीकडे एकच मजकूर लिहिला: पंधरा वेळा परत आले, खंड नाही. जावक क्रमांक एकच दिला, चारशे सतरा, एकाला अ आणि दुसऱ्याला ब. अ यमाईला मिळाला, कारण पंचनाम्याच्या आधी पंच असावा लागतो. शाई ओली होती. वारा पायरीपर्यंत आला, ती हळूच वाळवली आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहिला. मग यमाईने पाचव्या जागेवर वळणदार अक्षरात सही केली.

दोन्ही दाखले तहसिलातून परत आले नाहीत.

सोमवारी वारा कामावर रुजू झाला. तानूबाईंची गिरणी सुरू झाली आणि पीठ कोळशाच्या वेळेपेक्षा बारीक येतंय अशी तक्रारही झाली. भाकरीला बरं पण लाडवाला नाही, असं दळायला येणाऱ्यांचं म्हणणं होतं. यमाई वीजतंत्रीच्या वर्गात बसली. आबांनी एकोणीस मेंढ्यांबद्दल काही विचारलं नाही, त्या कळपात सोडून दिल्या.

दिवाळीनंतर वाऱ्याने आठ महिन्यांची रजा मागितली. ती त्याच्या नेमणुकीत धरलेलीच होती. त्याच्या जागी बदलीवर सूर्याला घेतलं, कारण बदलीवाल्याला स्थानिक असण्याची अट नव्हती. त्याच्या रात्रीच्या गैरहजेरीसाठी माथ्यावरचं तळं ठेवलं: दिवसा त्याने पाणी वर चढवायचं, रात्री पाण्याने वीज करत खाली उतरायचं. सात गावांत यावर कोणाची तक्रार आली नाही.

आयटीआयचं प्रात्यक्षिक उपकेंद्रातच होतं, त्यामुळे कामाची अदलाबदल नोंदवायला यमाईला बसवलं. आबा आदल्या दिवशीच मेंढरं घेऊन उतरले होते. त्यांच्याबरोबर न जाण्याची तिची ही पहिलीच दिवाळी होती. पहाटे वाऱ्याने आपल्या नावापुढे निघण्याची वेळ लिहून घेतली आणि तो दारात रेंगाळला.

"आबांना काही सांगायचंय?"

यमाईने विचार केला.

"सांगा, गुडघा शेकत जा म्हणावं," ती म्हणाली. "आणि खाली कोणी विचारलं, पोरगी कुठंय, तर गावी आहे म्हणावं."

वारा घाट उतरला. सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी सूर्य हजर झाला. यमाईने वेळ लिहिली, त्याला सही करायला जागा दाखवली आणि खटका वर ओढला.