बिबड्यांची निर्यात

सन एकोणीसशे एक्कावन्नच्या उन्हाळ्यात बोदवडजवळच्या एका गावातील शेतकरी तोताराम यांच्या मुलीस दिवस गेले. घटना साधी होती. तिच्याशी कोणत्याही सरकारी खात्याचा संबंध नव्हता. परंतु मुलगी, सुनंदा, त्या वेळी नैरोबीस होती. जावई जीवराम तिकडच्या रेल्वेत कारकून होते. आफ्रिकेत आंबे मिळत, चिंचा मिळत, पेरूही मिळत. सुनंदाला यातले काहीच नको होते. तिला डोहाळे लागले ते ज्वारीच्या पापडांचे, खानदेशातल्या बिबड्यांचे.

सुनंदाच्या आईने, कुंदाबाईंनी, नवऱ्याकडून तिचे पत्र ऐकले आणि त्याच दिवशी ज्वारी भिजत घातली. तीळ, लसूण, मिरची घालून घाटा शिजवला, गच्चीवर ओले धोतर अंथरले आणि हाताने ताटाएवढ्या बिबड्या थापल्या. वाळल्यावर त्या अलगद सोडवून रॉकेलच्या धुतलेल्या डब्यात रचल्या, मध्ये केळीची सुकी पाने घातली. त्यांचे माहेर धुळ्याकडचे. इतकी वर्षे बोदवडकडे नांदूनही त्यांची अहिराणी गेली नव्हती.

"पोर वाट दखत व्हई," त्या म्हणाल्या. "आजच टाका."

तोताराम डबा घेऊन पोस्टात गेले. पोस्टमास्तरांनी विचारले, "आत काय आहे?"

"बिबड्या."

"कशाच्या?"

"ज्वारीच्या. दुसऱ्या कशाच्या राहतीन?"

पोस्टमास्तरांनी टाकाच्या टोकाने डबा हळूच दूर सारला. ज्वारी कंट्रोलात होती. "भाऊ, धान्य देशाबाहेर चाललंय. ही निर्यात झाली. आमच्या हातातलं नाही. जळगावला जा."

जन्मभर कपाशी आणि केळी यांपलीकडे काही न केलेले तोताराम अशा रीतीने निर्यातदार झाले.

जळगावात नुकताच आयात-निर्यात मार्गदर्शन कक्ष उघडला होता. परदेशाशी थेट व्यापार करणारे जिल्ह्यात कोणी नसल्याने कक्ष मार्गदर्शन करण्यास आतुर होता. मोतीलाल नावाच्या कारकुनाने तोतारामांना बसायला खुर्ची दिली. सरकारी कचेरीत खुर्ची मिळण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. खरे तर तेव्हाच त्यांना संशय यायला हवा होता.

"परदेशी गिऱ्हाईक कोण?" मोतीलालने विचारले.

"माही पोरगी."

"भाव काय ठरला?"

"पोरीले बिबड्या इकू का मी?"

मोतीलालचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे माल देशातून जाणार आणि परकीय चलन येणार नाही. यात राष्ट्राचं नुकसान आहे, भाऊ."

"मंग घेतो तिच्याकडून पैसे."

"आधी घेतले असते तर सोपं होतं. आता तुम्ही माया म्हणून पाठवताय हे माझ्या कानांवर आलं. मायेला वेगळा अर्ज आहे."

त्या अर्जास जोडावयाचे प्रतिज्ञापत्र तोतारामांनी स्टॅम्प पेपरावर करून दिले: 'सदर मुलीकडून मला आज अथवा भविष्यात काहीही मिळण्याची अपेक्षा नाही व तिच्याशी माझा कोणताही व्यवहार शिल्लक नाही.' सासरी धाडतानासुद्धा पोर इतकी परकी झाली नव्हती.

पुढचा प्रश्न वर्गवारीचा होता. मार्गदर्शन अधिकाऱ्यांनी स्वतः एक बिबडी खिडकीतल्या उजेडात धरून पाहिली. धान्य म्हणावे तर ती शिजवलेली. शिजवलेले अन्न म्हणावे तर ती वाळलेली. नाशवंत म्हणावे तर ती वर्षभर टिकणारी.

"कशावर वाळवली?" साहेबांनी विचारले.

"धोतरावर."

साहेबांनी मोतीलालकडे पाहिले. मोतीलालने साहेबांकडे पाहिले. धोतरही कंट्रोलात होते.

"जुनं हाय साहेब, माहंच," तोताराम घाईने म्हणाले.

"जुनं असल्याचा दाखला?"

गावी येऊन तलाठ्याने धोतराचा पंचनामा केला. त्या दिवशी ते नेमके तोतारामांच्या अंगावर असल्यामुळे पंचांची थोडी पंचाईत झाली, पण कर्तव्यापुढे त्यांनी संकोच केला नाही. 'धोतर जीर्ण आहे, समोरून विशेष जीर्ण आहे,' असा शेरा पडला.

दरम्यान प्रत्येक टेबलाला नमुना लागत होता. नमुना निखाऱ्यावर भाजून, वर तेलाचे बोट फिरवून, शेंगदाण्यांसोबत तपासला जाई. काही टेबलांचे एका तपासणीत समाधान होत नसे. एके दिवशी मोतीलालने डबा उचलला तर तो भलताच हलका लागला.

"अर्जात वजन एक आणि डब्यात भलतंच! भाऊ, हे खोटं निवेदन होतं बरं का."

तोतारामांनी घरी येऊन सांगितले. कुंदाबाईंनी पुन्हा ज्वारी भिजवली, पुन्हा तेच धोतर धुऊन गच्चीवर नेले. डबा भरला. तो कक्षात पोचला तेव्हा मोतीलालला एक साधीशी शंका आली.

"तुमच्या उताऱ्यावर कपाशी आणि केळी. मग ही ज्वारी कुठली?"

"मेहुण्यानं धाडली, धुळ्याहून."

मोतीलालचा टाक थांबला. धुळे पश्चिम खानदेशात आणि बोदवड पूर्व खानदेशात. परमिटाशिवाय एका जिल्ह्याची ज्वारी दुसऱ्या जिल्ह्यात आणण्यास बंदी होती.

"भाऊ," तो खुर्चीकडे पाहत हळहळून म्हणाला, "तुम्ही निर्यातदार नंतर. आधी तुम्ही चोरटी वाहतूक करणारे आहात. उभं राहा जरा."

तोताराम धुळ्याला गेले. मेहुणे अभिमन त्यांना घेऊन तिथल्या पुरवठा कचेरीत आले आणि उंबऱ्यातूनच कडाडले, "ज्वारी मन्ही शे, वावर मन्हं शे, बहीन बी मन्हीच शे. मंग तुम्हनं काय जास?"

तिथला कारकून रुपचंद मोठा दयाळू माणूस होता. त्याने दोघांना पाणी दिले. "बहिणीला ज्वारी दिली म्हणून मेहुण्यांना खटल्यात कशाला अडकवायचं? मी एक करतो. ही ज्वारी धुळ्याहून गेलीच नाही, असा दाखला देतो. गेलीच नाही म्हटल्यावर गुन्हा कसला?"

तोतारामांचे डोळे भरून आले. सरकारदरबारी कोणी आपल्यासाठी इतके केले नव्हते. शिक्का ओला होता, म्हणून दाखला दोन्ही हातांनी धरून ते स्टेशनापर्यंत चालत गेले.

मोतीलालने तो वाचला आणि पुन्हा टाक हातात घेतला. "छान. म्हणजे या बिबड्यांत ज्वारी नाही. मग काय आहे?"

तोताराम बोटे मोजत म्हणाले, "तीळ. लसूण. मीठ, मिरची."

"एवढ्यानं एवढं वजन?"

"पानी बी हाय ना."

"ते वाळलं."

"मंग ऊन राह्यलं असंन!" तोताराम वैतागून म्हणाले.

मोतीलालने 'घटक पदार्थ' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले: ऊन.

कागद साहेबांकडे गेला आणि आश्चर्य म्हणजे साहेब प्रसन्न झाले. ऊन कंट्रोलात नव्हते. वस्तूत धान्य नाही, म्हणजे ती अन्न नाही. ती हाताने थापलेली आहे, कापडावर घडवलेली आहे आणि मुख्यतः उन्हाची आहे. तेव्हा ती उघडच हस्तकला होती, आणि हस्तकलेच्या निर्यातीस सरकारचे उत्तेजन होते. परवाना ताबडतोब मंजूर झाला. अट एकच: डब्यावर आणि प्रत्येक बिबडीवर 'अखाद्य' अशी चिठ्ठी डकवावी.

"पन साहेब, पोरगी खाईन कशी मंग?"

"ती काय खाते हा तिचा खाजगी प्रश्न आहे," साहेब उदारपणे म्हणाले. "आम्ही त्यात पडत नाही."

मोतीलाल कानाशी लागला, "चिठ्ठी नको असेल तर डबा इथंच राहील, भाऊ. मग तपासणी चालूच राहील."

तोतारामांनी सही केली. घरी आले तर नैरोबीहून पत्र येऊन पडले होते. सुनंदाला मुलगा झाला होता. कुंदाबाईंनी गावभर साखर वाटली, मग चुलीपाशी बसून राहिल्या. तोतारामांनी भीत भीत विचारले, "आता डबा धाडू का नको?"

"डोहाळे सरनात," त्या म्हणाल्या, "भूक थोडी सरनी शे?"

डबा मुंबईहून बोटीने गेला. पुढच्या वर्षीचा पावसाळा संपून कपाशी फुटू लागली तेव्हा जावयाचे पत्र आले. तोतारामांनी ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचले.

'तीर्थस्वरूप मामासाहेबांचे सेवेशी, सा. न. वि. वि. आपण पाठविलेल्या कलावस्तू पोचल्या. त्या अखाद्य असल्याची नोंद घेतली. घरात तशी सक्त ताकीद दिली असून बैठकीच्या खोलीत त्या खिळ्यांना टांगल्या आहेत. आमचे साहेब पाहून गेले, त्यांनी फार वाखाणणी केली. फक्त इकडे उंदीर फार. मी कचेरीत गेलो की रोज एखादी बिबडी कडेने कुरतडली जाते. सापळा लावला, पण हा उंदीर सापळ्यातल्या भाकरीस तोंड लावीत नाही. कळावे.'

कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरता आवरता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि मग त्या नुसत्याच रडू लागल्या.

"जवाईनी जलममा बिबडी दखेल नही का?" त्यांनी विचारले. "त्यानी माय बी करस ना!"

"पाह्यली असंन," तोताराम म्हणाले. "खाल्ली बी असंन. पन त्याले वाचता येतं."

हे पत्र तोतारामांनी जपून ठेवायला हवे होते. त्यांनी ते भोळेपणाने मोतीलालला दाखवले. परदेशातील साहेबाने वाखाणणी केल्याचे वाचून कक्षात धावपळ उडाली, आणि हिवाळ्यात जळगावात निर्यातक्षम हस्तकलांचे प्रदर्शन भरले. कलाकार म्हणून कुंदाबाईंना बोलावणे आले. मांडवात मधोमध मखमलीवर एक बिबडी मांडली होती. भोवती दोरी, वर दिवा, शेजारी पाटी: 'उन्हाची कलाकृती. अखाद्य. हात लावू नये.'

बघ्यांची रांग दूरवर गेली होती. चोपड्यापासून बोदवडपर्यंतची माणसे होती. उन्हाळ्यात जिच्या गच्चीवर बिबड्या वाळत नाहीत अशी एकही बाई त्या रांगेत नव्हती, आणि राखण करता करता ज्याने त्या ओल्या चोरून खाल्ल्या नाहीत असा एकही बाप्या नव्हता. दोरीपाशी येऊन प्रत्येक जण आधी पाटी वाची, मग बिबडीकडे पाही आणि मान डोलवी. "काय नक्षी आहे!" कोणी म्हणे. "आपल्याकडे अशी कला आहे, आपल्यालाच माहीत नव्हतं," दुसरा म्हणे.

कुंदाबाईंनी बराच वेळ ऐकून घेतले. शेवटी त्यांना राहवेना. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अरे, खावानी वस्तू शे ही!"

"शू!" रांगेतून आवाज आला. "बाई, पाटी वाचा."

"माले वाचता येत नही," कुंदाबाई म्हणाल्या. दोरीखालून त्या आत गेल्या, बिबडी उचलली आणि कडकन मोडली. एक तुकडा तोंडात घातला आणि दुसरा नवऱ्यापुढे धरला.

तोतारामांनी पाटीकडे पाहिले. मग बायकोकडे पाहिले. तिच्या हातावर धोतराच्या विणीचे ठसे उमटलेला तो तुकडा होता. त्यांनी तो घेतला आणि चावला. साऱ्या मांडवात कुरुमकुरुम आवाज ऐकू गेला. लसणाचा वास रांगेच्या टोकापर्यंत पसरला. पुष्कळांच्या तोंडाला पाणी सुटले.

साहेब त्या वेळी मागे चहा घेत होते. मोतीलालने पाहिले, पण तो टाक पुसत राहिला. पोलीस शिपाईही दुसरीकडे बघू लागला. ओरडले ते रांगेतले एक गृहस्थ: "धरा त्यांना! सरकारी वस्तू खाल्ली! हवालदार, बघता काय?"

गृहस्थ सुशिक्षित होते. परमिट, परवाने आणि कचेऱ्यांतला मूर्खपणा यांची टिंगल त्यांना फार आवडे. त्यावर कोणी गोष्ट लिहिली तर ती ते मिटक्या मारीत शेवटपर्यंत वाचीत. त्यांचे नाव येथे दिलेले नाही. वाचता वाचता ते आता जरासे चुळबुळले असतील, तर ओळख पटण्यास तेवढे पुरे आहे.