रेबेकाबाईंची सामानापुरती स्पॅनिश

आमच्या राहात्याच्या मिशन शाळेत शिवण शिकवणाऱ्या रेबेकाबाई स्पॅनिश बोलायच्या, पण फक्त सामानापुरती. भाजीची पिशवी आली की "पेसादा", म्हणजे जड. मुलींनी शिवणयंत्र हलवलं की "कुइदादो", म्हणजे जपून. मीही त्याच शाळेत शिकवायचे; माझ्या हातातली पिशवी तर त्या "यो ला येवो" म्हणत काढूनच घ्यायच्या. मी नेते, असा त्याचा अर्थ. गाडीवान भिकाजी दर वेळी शांतपणे विचारायचा, "कोन येवो, बाई?"

ही विद्या एका म्हाताऱ्या स्पॅनिश फादरांची. ते फिरतीवर निघाले की बाई त्यांचं सामान बांधायच्या, आणि फादर सामानाशी स्वतःच्याच भाषेत बोलायचे. फादर मायदेशी गेले, शब्द इथंच राहिले. एवढ्याशा शब्दांवर काय भागणार, असं मी एकदा म्हटलं. "परक्या मुलखात उतरलं की पैली काळजी पेटीचीच असती," बाई म्हणाल्या.

महायुद्ध संपल्यावर एक तरुण स्पॅनिश सिस्टर आमच्याकडे आली. नवे फादर तापानं पडलेले, म्हणून तिला आणायला चितळी स्टेशनवर बाई आणि मी गेलो. हमालानं पेटीला हात घातला मात्र, सिस्टर पेटीला मिठी मारून खालीच बसली. माझं मराठी तिला कळेना, इंग्रजीही कळेना. भोवती माणसं जमली. तिनं पेटी आणखीच घट्ट धरली.

बाईंनी पदर खोचला. हमालाला म्हणाल्या, "कुइदादो." तो गोंधळून मागे सरला. मग सिस्टरसमोर उकिडव्या बसून त्या हळूच म्हणाल्या, "मालेता पेसादा. यो ला येवो." पेटी जड आहे, मी नेते.

सिस्टरनं मान वर केली. मग धबधब्यासारखी बोलत सुटली. बाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण प्रत्येक वाक्याला त्यांनी गंभीरपणे "पेसादा, पेसादा" म्हणत मान डोलावली. शेवटी सिस्टर हसली आणि पेटी तिनं बाईंच्या हातात दिली. बैलगाडीत बाई अशा बसल्या होत्या, जणू गड जिंकून परतताहेत. वाटेत भेटेल त्याला भिकाजी सांगत होता, "आमच्या बाईंनी मडम बोलती केली."

संध्याकाळी सिस्टर जेवून झोपली. बाई विहिरीवरून तिच्यासाठी पाणी आणत होत्या. मी विचारलं, हे सामानाचंच एवढं वेड का?

"आमचे मालक वारले, आन् मी खर्ड्याहून हितं नोकरीला आले," त्या म्हणाल्या. "मोटारीतनं उतरले तवा समदे बघत हुते. पेटी धरते, असं कुनी म्हनलं न्हाई."

मी त्यांच्या हातातल्या घागरीला हात घातला. सोडायला त्यांनी अंमळ वेळच लावला.