खराटा घेऊन येणारे धामणकर सर

धामणकर सर बसमध्ये चढले की कंडक्टर आधी खराट्याकडे बघायचा आणि मग सरांकडे. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं, आणि काखेत छत्री धरावी तसा नारळाच्या हिरांचा खराटा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. एकदा एका बाईनं विचारलं, "ओ दादा, केवढ्याला दिला?" सर म्हणाले, "विकायचा नाही, बाई. शिकवायचा आहे." बाई उठून पुढच्या सीटवर गेली. मी त्याच बसमध्ये मागं बसले होते. ओळख न दाखवता खिडकीबाहेर बघत राहिले.

कोपरखैरण्याच्या एका मराठी शाळेत मी तेव्हा दोन-तीन वर्षांपासून कामाला होते. झाडलोट, पाणी भरणं, घंटा देणं. मुलं मावशी म्हणायची. माझं गाव जावळी तालुक्यात, सातारा जिल्हा. सहावीत होते तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवलं, ते दप्तर परत काही उघडलं नाही. लग्न होऊन इकडं आले. आमचे मालक वाशीच्या मार्केटात माथाडी. पोती उचलून उचलून त्यांची कंबर धरली आणि काम सुटलं, तेव्हा ओळखीच्या एकानं मला या शाळेत लावलं. पुढच्या दारानं शिकायला जमलं नाही, मागच्या दारानं का होईना शाळेत आले, याचं मला फार अप्रूप वाटायचं. सकाळी घंटा दिली की एवढी पोरं माझ्या हाताच्या इशाऱ्यावर रांगेत उभी राहतात, ही काही छोटी गोष्ट नाही.

पण मी कायम नव्हते. दर वर्षी जून आला की ऑफिसात "बघू" म्हणायचे. त्या "बघू"च्या धास्तीनं मी मे महिन्यापासूनच धान्य मोजून शिजवायचे.

अशात धामणकर सर आले. भूगोल आणि गणित शिकवायचे. वय पन्नाशीच्या पुढं. आधी बरीच वर्षं आफ्रिकेत, टांझानियात मास्तर होते. पहिल्याच सकाळी मी केरसुणी घेऊन सातवीच्या वर्गात गेले, तर वर्ग लख्ख झाडलेला, बाकं ओळीत लावलेली, आणि सर कोपऱ्यात ओणवे होऊन सुपलीत केर भरतायत.

मी धावत पुढं झाले. "अवो सर, ठेवा ती सुपली! मला पाप लागंल."

"पाप केर टाकणाऱ्याला लागतं. झाडणाऱ्याला कसं लागेल?" सर म्हणाले. "तुमचं नाव काय?"

"मावशी म्हणत्यात."

"ते पोरांसाठी. नाव काय?"

"कलावती."

"कलावतीबाई, वर्ग ज्याचा, केर त्याचा. आमच्या तिकडं हाच नियम."

त्या शाळेत मला अहो-जाहो करणारा आणि पुरं नाव घेणारा हा पहिला माणूस. आनंद व्हायला हवा होता. पण मला एकच दिसत होतं. माझं काम हा माणूस करतोय. उद्या कुणी म्हणालं, मग बाई कशाला पाहिजे, तर?

त्यांचं "आमच्या तिकडं" सुरू झालं की थांबायचं नाही. आमच्या तिकडं पोरं घरून झाडू घेऊन येतात. आमच्या तिकडं प्रार्थनेआधी अंगण झाडून होतं. आमच्या तिकडं लाल माती, तिच्यावर खराट्याच्या रेघा अशा सरळ उमटल्या पाहिजेत की वही आखल्यासारखं अंगण दिसावं. म्हणून सर उलटे चालत झाडायचे, म्हणजे आपल्याच पावलांनी रेघ मोडत नाही. आमच्या मैदानात लाल माती नव्हती. डोंगरातल्या खाणींची पांढरी धूळ होती. सकाळी झाडावी, दुपारी परत बाकांवर बोटानं नाव काढता यावं. तरी सर रेघा ओढत. उलटे चालत एकदा पाण्याच्या पिंपावर आदळले, एकदा फाटकातून थेट रस्त्यावर गेले आणि रिक्षावाल्यानं ब्रेक दाबून जे काय ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. सर शांतपणे म्हणाले, "पोले पोले." तिकडच्या भाषेत हळू हळू. रिक्षावाल्याला वाटलं शिवीच दिली.

हा नियम ते शिकले कसे, तेही ते सगळ्यांना सांगायचे. तिकडं पहिल्या दिवशी सर हात मागं बांधून उभे, पोरं झाडतायत. तिथले उंचेपुरे हेडमास्तर हातात झाडू घेऊन आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमची सावली पडलीय तेवढं तरी झाडा." सर सांगायचे, "सकाळची वेळ हो. सावली ही एवढी लांब! झाडता झाडता कंबर मोडली."

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत यावरून रोज जुंपायची. चहाचा ट्रे घेऊन मी आत-बाहेर करायचे, त्यामुळं भांडण तुकड्यातुकड्यानं ऐकायला मिळायचं.

गद्रे बाई मराठी शिकवायच्या. त्यांना झाडूचं नाव काढलेलं चालत नसे. "आम्ही बी.एड. काय झाडू मारायला केलं?"

"बी.एड. झाल्यावर हात आखूड होतात का?" सर विचारायचे.

"तिकडं डॉलर मिळत असतील. डॉलर दिले तर मी म्हशी पण धुवेन."

"शिलिंग," सर म्हणायचे. "डॉलर नव्हे, शिलिंग. आणि तेही वेळेवर नाही."

एकदा एका पोराचा बाप तणतणत आला. तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला होता. "मास्तर, माझ्या पोराला झाडू मारायला लावलात? झाडायचंच होतं तर आम्ही गाव कशाला सोडलं?" सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "मी पण झाडतो." तो म्हणाला, "तुमी हौसेनं झाडता. आमच्या आज्याला दुसऱ्याच्या दारात झाडायला लावायचे." दुसऱ्या दिवसापासून ज्या पोराला झाडायचंय त्यानं झाडावं, बाकीच्यांनी बाकं लावावी, असं झालं. ते पोरगं मात्र हट्टानं झाडायलाच यायचं. सरांच्या शेजारी उलटं चालायला मिळतं म्हणून.

खेळाचे म्हात्रे सर इथलेच, खाडीकाठच्या जुन्या गावातले. ते हसत हसत बोलायचे पण बोललेलं लागायचं. "सर, तुमी झाडलं तं कवतिक व्हतं. माझे आयनं जलमभर दुसऱ्याचं झाडलं, कोनी बघलं पन नाय."

"म्हणून तर सगळ्यांनी झाडायचं," सर म्हणाले.

"हां, पन पगार कोनाला मिलनार, ते पन बघा."

मी कपबश्या गोळा करत होते. मी ट्रे जरा जोरातच टेबलावर ठेवला. सरांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि त्या दिवशी त्यांनी "आमच्या तिकडं" परत म्हटलं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. कुणी तरी मोठे पाहुणे शाळा बघून गेले आणि संस्थेच्या सचिवसाहेबांना म्हणाले, एवढी स्वच्छ मराठी शाळा बघितली नाही. सचिवसाहेब फुगले. त्यांना परदेशाचं भारी कौतुक. त्यांचा मेव्हणा दुबईला होता. मेव्हण्यानं आणलेलं घड्याळ दाखवायला ते बाही वर करूनच बोलायचे. शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांना त्यांनी खोलीत बोलावलं. मलाही. मला बोलावलं म्हणजे चहाला, असं समजून मी ट्रे घेऊनच गेले.

"धामणकर सरांचा परदेशी पॅटर्न आता सगळ्या शाळेला लावायचा," सचिवसाहेब म्हणाले. "शिक्षक आणि मुलं मिळून शाळा झाडतील. पेपरात फोटो येईल. आणि मग मावशींची जागा आपल्याला लागणार नाही. घंटा काय, कुणीही देईल. मावशी, हा महिना पुरा करा तुम्ही."

ट्रे कुठं ठेवावा ते मला कळेना. घरी अंथरुणात पडलेला माणूस, दोन पोरी, खोलीचं भाडं, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी कुणाकडं बघितलं असेल तर भिंतीवरच्या नकाशाकडं.

गद्रे बाई ताडकन म्हणाल्या, "मी झाडणार नाही. लिहून देते."

"अहो बाई, परदेशात झाडतात!" सचिवसाहेब म्हणाले. "सर, उठा तुम्ही. सांगा यांना, तिकडं कसं असतं. आज सविस्तर सांगा."

आता बघा, या एका वाक्यासाठी सर किती वर्षं थांबले असतील. त्यांना तिकडचं बोलताना लोक जांभया द्यायचे, घड्याळ बघायचे, उठून जायचे. आज पहिल्यांदा कुणी तरी भर सभेत म्हणालं, सविस्तर सांगा. सर उठले. शर्ट नीट केला. माझ्या हातातल्या ट्रेकडं बघितलं.

"तिकडं," सर म्हणाले, "तिकडं असलं काही नसतं."

सचिवसाहेब खुर्चीत पुढं सरकले.

"म्हणजे?" सचिवसाहेब.

"म्हणजे मी थापा मारत होतो. तिकडं मास्तर खुर्चीवर बसतो. शाळा झाडायला बाई असते. बाई नसेल तर तिकडं शाळेला मान्यताच देत नाहीत. साहेब येतो तपासायला. आधी विचारतो, बाई कुठाय? ती कायम आहे का? कायम नसली तर शाळेला नोटीस."

"नोटीस?" सचिवसाहेबांनी बाही खाली केली.

"परदेश आहे तो, साहेब. तिकडं असल्या बाबतीत फार कडक."

"मग ते खराटा, सावली, हेडमास्तर..."

"सगळ्या थापा. मला झाडायची खोड आहे, दुसरं काही नाही. माणसाला तपकिरीची असते तशी."

गद्रे बाई टेबलावर हात मारून हसल्या. "मी म्हणत नव्हते? थापाडे मास्तर!" मग सगळेच हसले. सचिवसाहेब पण हसले, पण विचारात पडून. परदेशात बाई असते म्हटल्यावर आपल्या शाळेत नसून कसं चालेल? "राहू द्या मग मावशींना," ते म्हणाले. "जूनला कायमचं बघू." पहिल्यांदाच त्या "बघू"नंतर मी घरी जाऊन धान्य मोजलं नाही.

म्हात्रे सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि सगळ्यांना चहा स्वतः दिला.

थापाडे मास्तर हे नाव सरांना शेवटपर्यंत चिकटलं. पोरं फळ्यावर लिहायची. टांझानियाचा धडा आला की मागच्या बाकावरून खोकल्याचे आवाज यायचे. ज्या एका गोष्टीचा त्या माणसाला अभिमान होता, ती त्यानं माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटी ठरवली. म्हणून मी हे लिहिते आहे. ज्यांना अजून ते नाव खरं वाटत असेल त्यांनी ऐकावं. सर थापाडे नव्हते. तिकडं खरंच झाडतात. माझ्याइतकं ठामपणे हे कुणी सांगू शकणार नाही, कारण सोमवारी मी त्यांना विचारलं.

सोमवारी सर नेहमीसारखे लवकर आले, पण मोकळ्या हातांनी. पायरीवर बसले. मी झाडत होते आणि ते बघत होते.

"सर, खरंच न्हवतं व्हय तिकडं?"

"होतं ना. सगळं होतं."

"मग खोटं का बोलला?"

"कलावतीबाई, तिकडच्या शाळेत झाडायला बाई नव्हती हो. असती, आणि तिचं घर त्यावर चालत असतं, तर त्या हेडमास्तरनं माझ्या हातात झाडू दिला असता का? हे माझ्या इतकी वर्षं डोक्यात आलं नाही. नियम तेवढा उचलून आणला."

मी म्हटलं, "आता काम न्हाई तर एवढ्या लवकर कशाला येता? घरी निवांत बसावं."

सर हसले. "घरी काय करू? घर झाडायला गेलो तर सुपलीत काही येत नाही. एकट्या माणसाचा केर पडून पडून किती पडणार?"

मग त्यांनी सांगितलं, त्यांची बायको तिकडंच वारली होती, तापानं. मूलबाळ नव्हतं. हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. तिकडचं एवढं ऐकवायचे, पण ही एक गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती.

त्याच आठवड्यात गावाकडून भुईमुगाच्या शेंगा आल्या होत्या. रविवारी संध्याकाळी मी शेंगा भाजल्या, पोरींच्या वेण्या घातल्या, मालकांना रिक्षात बसवलं, आणि सगळे सरांच्या खोलीवर गेलो. सरांची धांदल उडाली. एकच खुर्ची, ती त्यांनी मालकांना दिली. पोरी आधी लाजल्या, मग शेंगांवर तुटून पडल्या. धाकटीनं विचारलं, तिकडं सिंह असतो का. सरांनी सिंह सांगितला, जिराफ सांगितला, आवाज काढून दाखवले. मालक किती दिवसांनी हसले. फरशीभर टरफलं झाली, वर लाल सालींचा सडा.

उठायची वेळ झाली तशी मला लाज वाटली. दाराआड केरसुणी दिसली. मी उचलायला वाकले.

"नको," सर एकदम म्हणाले. "असू द्या."

"अवो सर, केवढा राडा झालाय!"

सर त्या टरफलांकडं बघत होते.

"झाडीन मी. सकाळी झाडीन," ते म्हणाले. "आज रात्री राहू द्या तसंच."